गिटार रंगवताना: नायट्रो, पीयू की तेल?

चिठ्ठ्यांमधला पहिलाच प्रश्न असा आहे: "जुनी इलेक्ट्रिक गिटार पुन्हा रंगवायची आहे. नायट्रो मारू की पीयू? नायट्रोनं आवाज मोकळा होतो म्हणतात."

आवाजाचं आधी संपवून टाकू. तंबोऱ्याची पातळ तबली स्वतः थरथरते, तिच्यावर जाड थर चालत नाही. म्हणून मिरजेकडे चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून बोळ्यानं पातळ हात देतात. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. तिथं पिकअप पोलादी तारेचं कंपन टिपतो, आणि खाली पावणेदोन इंच जाड भरीव लाकूड असतं. माझ्या मते, रंगापेक्षा जास्त फरक तारा बदलल्यानं पडतो.

मग नायट्रोचं एवढं नाव का? तो त्या काळचा मोटारींचा रंग होता, म्हणून. 1920 च्या दशकात अमेरिकेत नायट्रोसेल्युलोज लॅकर मोटारींवर आलं, कारण ते झटपट वाळायचं. पुढे फेंडर कंपनीनं तेच वापरलं. त्यांचा फिएस्टा रेड किंवा लेक प्लॅसिड ब्लू हे मुळात मोटारींचेच रंग. 1960 च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जाड पॉलिएस्टर धरलं. गिब्सननं मात्र नायट्रो सोडलं नाही.

खरा फरक वाळण्यात आहे. लाख आणि नायट्रो यांच्यातलं द्रावण उडून जातं आणि थर उरतो. वर पुन्हा थिनर पडलं की तो विरघळतो. हा दोषही आहे आणि सोयही आहे. ओरखडा पडला तर नवा थेंब जुन्या थरात मिसळून जातो. पण स्टँडच्या रबरानं किंवा फोमनं डाग पडतो, काही वर्षांत पिवळेपणा येतो, आणि थंडी-उन्हाचा झटका बसला की बारीक तडे जातात. पीयू आणि पॉलिएस्टर रासायनिक क्रियेनं घट्ट होतात. घाम, थिनर, धक्के, सगळं सोसतात. मात्र टवका उडाला की ती जागा बेमालूम जुळत नाही.

आता आपल्याकडची हवा. घाटाखाली, खामगाव-मलकापूरकडे, मे महिन्यात लॅकर फवाऱ्यातून निघून लाकडावर पोचेपर्यंत अर्धवट वाळतं आणि पृष्ठभाग खरखरीत येतो. तिथं पहाटे मारा, थिनर संथ उडणारं घ्या. पावसाळ्यात उलटं होतं. द्रावण उडताना पृष्ठभाग थंड पडतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि थर दुधाळ होतो. मी स्वतः एका जुलैत हा उद्योग करून बसलोय, काळी गिटार राखाडी झाली होती राजेहो! दिवाळीनंतरची कोरडी हवा सगळ्यात बरी.

पण मला जास्त काळजी तुमच्या फुफ्फुसांची आहे. दोन डब्यांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. फवारताना ते श्वासात गेलं तर दमा लागू शकतो, आणि एकदा शरीर त्याला बिचकू लागलं की पुढं थोडासा वाससुद्धा पुरतो. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. घरच्या खोलीत किंवा गच्चीवरच्या शेडमध्ये हे करूच नका. पीयूच हवं असेल तर फर्निचरचं किंवा गाड्यांचं काम करणाऱ्या, नीट बूथ आणि हवा पुरवणारा मास्क असलेल्या कारागिराकडे द्या. नायट्रोचं थिनरही भडका घेतं; जवळ गॅस, बिडी, ठिणगी नको.

घरीच करायचं असेल तर माझं मत तेलाला. उकळलेलं जवसाचं किंवा टंग तेल. कापडानं लावायचं, जास्तीचं पुसायचं, रात्रभर ठेवून पुन्हा. मानेवर तर ते हाताला फार छान लागतं. रंग मात्र मिळत नाही, आणि ओरखड्यांपासून फारसं संरक्षणही नाही. आधी जुना रंग मात्र लाकडापर्यंत काढावा लागेल, नाहीतर तेल मुरणार कुठं? तो घासतानाही मास्क घाला. आणि तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटतात. पसरून बाहेर वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

आता दुसरी चिठ्ठी घेऊ.