घशातल्या नसेचा लांबचा फेरा

परवा डिसेक्शन हॉलमध्ये एका विद्यार्थ्याने विचारलं, "सर, शरीर इतकं चपखल आहे, ते कुणीतरी घडवलेलंच असणार ना?" अमेरिकेतला कुठलासा व्हिडिओ पाहून आला होता.

युक्तिवाद जुनाच. इंग्लंडचे धर्मोपदेशक विल्यम पेली यांनी १८०२ साली लिहिलं: घड्याळ आहे म्हणजे घड्याळजी असणारच. गंमत म्हणजे कॉलेजात असताना डार्विनलाही पेली फार आवडायचे!

मी त्याला रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह दाखवली. चिमट्याने उचलली तर पांढरी, जाड दोऱ्याएवढी. जायचंय स्वरयंत्रात. पण डावीकडची नस मेंदूतून निघणाऱ्या व्हेगस या मोठ्या नसेबरोबर थेट छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीखालून वळते आणि श्वासनलिकेच्या कडेने पुन्हा वर येते. जिराफात हाच फेरा काही मीटरचा!

माशांमध्ये व्हेगसच्या फांद्या कल्ल्यांकडे जवळच्या वाटेने जातात. पुढे उत्क्रांतीत मान लांबली, हृदय खाली सरकलं, नस धमनीखाली अडकून ओढली गेली. आपल्या गर्भातही हेच घडतं.

शरीर कुणीतरी घडवलंय असं मानणारे सृष्टिवादी म्हणतात, वाटेत ती अन्ननलिकेला, श्वासनलिकेला फांद्या देते, म्हणून वळसा मुद्दाम ठेवलाय. फांद्या आहेत, मान्य. पण मोजक्या लोकांत उजव्या हाताकडे जाणारी धमनी वेगळ्या जागी उगम पावते. त्यांची उजवी नस एरवीसारखा वळसा न घेता सरळ स्वरयंत्रात शिरते आणि आवाजाचं काही बिघडत नाही. थायरॉइडच्या ऑपरेशनमध्ये मात्र ती नको तिथे भेटते आणि सर्जनला घाम फुटतो.

अशी उदाहरणं आणखीही आहेत: अक्कलदाढ, अपेंडिक्स, माकडहाड... शंका असतील तर कॉमेंटमध्ये विचारा. देव आहे की नाही, हे सोडून!