राष्ट्रपतिपदाचा उमेदवार आणि आपल्याकडील मतदार स्त्री

भारताचा राष्ट्रपती सामान्य मतदार थेट निवडून देत नाही, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण सर्वांनीच वाचलेले असते. म्हणूनच ही निवडणूक जवळ आली की सातारा-सांगलीकडची एखादी गृहिणी सहज म्हणून जाते, ‘तिथे आम्हांला कोण विचारतो?’ प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर ‘कोणी नाही’ असे मात्र नाही. ते कसे, हे थोडे तपशिलाने पाहू.

राज्यघटनेच्या ५४ व ५५ या कलमांनुसार राष्ट्रपतीची निवड संसदेचे आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सभासद करतात. आमदाराच्या मताचे मूल्य राज्याच्या लोकसंख्येवरून ठरते. २०२२ च्या निवडणुकीतही त्यासाठी १९७१ ची शिरगणतीच धरली गेली. महाराष्ट्राची त्या वेळची लोकसंख्या ५ कोटी ४ लाख १२ हजार. तिला २८८ आमदारांनी आणि पुन्हा १,००० ने भागले की १७५ हा आकडा येतो. सातारा जिल्ह्याचे आठ आणि सांगली जिल्ह्याचे आठ असे सोळा आमदार धरले, तर त्यांच्या मतांचे एकूण मूल्य २,८०० होते. हे मतदान गुप्त असते आणि त्याबाबत पक्षाला व्हिप काढता येत नाही. तेव्हा आमदार कोणाला मत देईल, हे अखेर त्याच्या विवेकावर राहते. आणि तो विवेक पारखण्याची मतदाराला मिळणारी वेळ म्हणजे विधानसभेची निवडणूक होय.

मग ही पारख आपल्याकडील स्त्री कशी करते? त्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मतदार यादीतून गळाली. त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ एवढेच सांगितले होते. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी मान्य केल्या नाहीत. त्या बहुतेक स्त्रिया उत्तर आणि मध्य भारतातील होत्या. मात्र पतीचे नाव उखाण्यातच घेणाऱ्या आपल्या समाजाला त्यांना हसण्याचा अधिकार नाही. ‘आमचे घर अमक्याच्या बाजूचे’ हे वाक्य आपल्याकडे आजही ऐकू येते. घराला मत नसते. मत माणसाला असते.

वास्तविक या भूमीतील स्त्रीला राजकारण नवे नाही. १९४३ नंतर प्रतिसरकारच्या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या कन्या हौसाताई आणि त्यांच्यासारख्या अनेकींनी भूमिगतांना साथ दिली. ते धाडस करताना त्यांनी कोणाच्या यादीत आपले नाव आहे की नाही, हे पाहिले नाही.

आपल्याकडे पुढारी नात्याने ओळखला जातो. कोणी दादा, कोणी आबा, कोणी काकी, कोणी ताई. यात जिव्हाळा आहे, तसा धोकाही आहे. कारण नातलगाला आपण हिशोब विचारत नाही. २०२४ साली राज्य सरकारने दरमहा १,५०० रुपयांची योजना काढली, तिचे नावही ‘लाडकी बहीण’ असेच ठेवले. रकमेची गरज घराघरांत असते, ती घेण्यात कमीपणा नाही. पण मतदार ही प्रथम नागरिक असते, बहीण नंतर.

स्त्री उमेदवारांची गोष्ट पाहा. खासदार दाजीसाहेब चव्हाण यांच्या निधनानंतर १९७३ च्या पोटनिवडणुकीत कराडहून प्रेमलाकाकी चव्हाण निवडून आल्या. शालिनीताई पाटील १९८३ साली सांगलीहून लोकसभेवर गेल्या. त्या जागेवर आधी त्यांचे पती वसंतदादा होते. पहिल्या वेळी नात्याने वाट मोकळी केली, हे मान्य करावे. परंतु प्रेमलाकाकी पुढे १९७७, १९८४ आणि १९८९ मध्येही निवडून आल्या. शालिनीताई १९९९ आणि २००४ साली कोरेगावच्या आमदार झाल्या. सहानुभूतीचे मत एकदा मिळते. पुन्हा पुन्हा मिळते ते निराळ्या कारणासाठी.

राष्ट्रपतिपदालाही हीच कसोटी लावावी. २००२ साली कॅप्टन लक्ष्मी सहगल उभ्या होत्या आणि डॉ. अब्दुल कलाम निवडून आले. तेव्हा स्त्रीजातीचा पराभव झाला असे कोणी म्हटले नाही. २००७ साली प्रतिभाताई पाटील यांना ६,३८,११६ आणि भैरोंसिंह शेखावत यांना ३,३१,३०६ इतक्या मूल्याची मते पडली. शिवसेनेने आपल्या आघाडीचा उमेदवार सोडून मराठी व्यक्ती म्हणून त्यांना पाठिंबा दिला. पण प्रतिभाताई मुळात घडल्या त्या १९६२ साली, जळगावच्या मतदारांनी त्यांना विधानसभेवर पाठविले तेव्हा. २०२२ साली राष्ट्रपती झालेल्या द्रौपदी मुर्मू १९९७ साली ओडिशातील रायरंगपूर येथे नगरसेविका होत्या. म्हणजे राष्ट्रपती भवनाची पहिली पायरी साध्या प्रभागात असते.

ही पायरी आपल्या गावांतही आहे. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या आणि २०११ साली महाराष्ट्राने ते प्रमाण निम्म्यावर नेले. मात्र सरपंचबाई सही करणार आणि खुर्चीत त्यांचे यजमान बसणार, असे चालले, तर ही पायरी असून नसल्यासारखी होते. अशा वेळी ‘बाईंनाच बोलू द्या’ असे ग्रामसभेत म्हणणे, हे मतदार भगिनींचेच काम आहे.

तेव्हा माण-जतची स्त्री जेव्हा उमेदवाराला पाण्याविषयी विचारते, मिरजेची स्त्री दवाखान्याविषयी विचारते, तेव्हा ती लहान प्रश्न विचारत नसते. जो माणूस तिला सरळ उत्तर देतो, तोच उद्या गुप्त मतपत्रिकेपुढेही सरळ वागेल, अशी आशा धरता येते. उमेदवार पुरुष आहे की स्त्री, कोणाचा कोण लागतो, हे त्यानंतर पाहावे.