‘डायरेक्टर ऑफ द इयर’ ठरलेल्या माणसालाही अमेरिकेतली कॉलेजं एका झटक्यात घरी का पाठवतात?

२६ नोव्हेंबर २०१७, रविवार. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाला फुटबॉल संघासाठी नवा मुख्य प्रशिक्षक हवा होता. त्या हंगामात संघाने ८ सामने गमावले होते आणि संघाच्या सव्वाशे वर्षांच्या इतिहासात असं पहिल्यांदाच घडलं होतं. दुपारी बातमी फुटली की ग्रेग शियानो यांच्याशी बोलणी पक्की झाली आहेत. मग ट्विटरवर जाळ झाला. राज्यातले आमदार विरोधात लिहायला लागले. विद्यापीठाच्या आवारात ‘द रॉक’ नावाचा एक मोठा खडक आहे, त्यावर निषेधाचा मजकूर रंगवला गेला. स्टेडियमबाहेर लोक जमले. रात्र व्हायच्या आत बोलणी मोडली होती.

शियानो यांना आणायला निघालेल्या माणसाचं नाव जॉन करी. विद्यापीठाचे ॲथलेटिक डायरेक्टर, म्हणजे क्रीडा विभागाचे प्रमुख. १ डिसेंबरला त्यांना निलंबित करण्यात आलं. खुर्चीत बसून त्यांना जेमतेम आठ महिने झाले होते.

आपल्याकडे कॉलेजचा जिमखाना सांभाळणाऱ्या सरांच्या नेमणुकीवरून आमदारांनी ट्विट केल्याचं कुणी ऐकलं नसेल. त्यामुळे अमेरिकेतला हा ‘एडी’ नेमका कोण, ते आधी समजून घ्यावं लागेल.

जिमखाना नव्हे, कंपनी

अमेरिकेत कॉलेजचे खेळ हा अब्जावधी डॉलरचा धंदा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाख सात हजारांहून जास्त माणसं बसतात. आपल्या वानखेडेसारखी तीन स्टेडियम त्यात मावतील. ओहायो स्टेटसारख्या विद्यापीठाच्या क्रीडा विभागाची वर्षाची कमाई २५ कोटी डॉलरच्या पुढे जाते. बरीचशी कमाई एकाच खेळातून येते, ती म्हणजे अमेरिकन फुटबॉल, जो हातात चेंडू घेऊन पळत खेळतात. बास्केटबॉलही थोडीफार भर घालतो. बाकी पोहणं, तलवारबाजी, रोइंग, टेनिस वगैरे खेळ या पैशावर चालतात. फुटबॉलच्या वरच्या गटात राहायचं तर विद्यापीठाला किमान १६ खेळांचे संघ ठेवावे लागतात.

हे सगळं एडी चालवतो. प्रशिक्षक नेमणं आणि काढणं, देणगीदारांना सांभाळणं, टीव्हीचे आणि कपड्यांचे करार, स्टेडियमची डागडुजी, खेळाडूंचा अभ्यास, नियमभंग होतोय का यावर लक्ष. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे कमवायची मुभा मिळाली. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या समझोत्यानंतर विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षासाठी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ते पैसे कुठून आणायचे आणि कुठल्या खेळाला किती द्यायचे, हेही एडीच्याच डोक्याला.

एवढं काम करणाऱ्याला चांगलं किंवा वाईट ठरवायचं कसं? इथे दोन वेगवेगळ्या फूटपट्ट्या आहेत आणि त्यांचे आकडे सहसा जुळत नाहीत.

पहिली फूटपट्टी: पुरस्कार

या संचालकांची एक संघटना आहे, ‘नॅकडा’. १९६५ पासूनची. ती दरवर्षी ‘एडी ऑफ द इयर’ पुरस्कार देते. विजेता एकच नसतो. मोठी विद्यापीठं, छोटी विद्यापीठं, दोन वर्षांची कॉलेजं अशा गटांनुसार बरेच जण निवडले जातात. दुसरा मान ‘स्पोर्ट्स बिझनेस जर्नल’ या व्यापारी नियतकालिकाचा. त्यांच्या वार्षिक पुरस्कारांत एडीसाठी एक वेगळा पुरस्कार असतो. तिसरा आहे ‘डायरेक्टर्स कप’. तो विद्यापीठाला मिळतो, पण नावातच डायरेक्टर असल्याने श्रेय कुणाचं ते वेगळं सांगायला नको.

हे पुरस्कार प्रामुख्याने धंद्यातलेच लोक एकमेकांना देतात. प्रायोजक कोण, तेही पाहा. नॅकडाच्या पुरस्काराला अनेक वर्षं ‘अंडर आर्मर’चं नाव होतं. ही कंपनी विद्यापीठांच्या संघांना कपडे आणि बूट पुरवते. डायरेक्टर्स कपला ‘लिअरफील्ड’ची जोड आहे, ही कंपनी विद्यापीठांसाठी जाहिरातींचे हक्क विकते. म्हणजे ज्याच्याशी करार करायचा, त्याच्याच कौतुकाचा कार्यक्रम. यात गैर काही नाही, पण ज्यांनी तिकिटाचे पैसे मोजले त्यांचं मत या खोलीत कुणी विचारत नाही.

डायरेक्टर्स कपचं गणित तर चाहत्यांना आणखी चक्रावून टाकतं. वेगवेगळ्या खेळांतल्या राष्ट्रीय क्रमवारीवरून गुण मिळतात. फुटबॉलचं विजेतेपद १०० गुणांचं आणि तलवारबाजीचंही १०० गुणांचं. १९९३-९४ मध्ये पहिला कप नॉर्थ कॅरोलिनाने जिंकला. त्यानंतर स्टॅनफर्डने सलग २५ वर्षं तो कुणाला दिलाच नाही! २०२२-२३ मध्ये स्टॅनफर्डने तो पुन्हा जिंकला. त्याच वर्षी त्यांचा फुटबॉल संघ १२ पैकी ९ सामने हरला होता. कागदावर देशातला सर्वोत्तम क्रीडा विभाग, आणि शनिवारी स्टेडियममध्ये बसलेल्या माणसाच्या मते पूर्ण पडझड. खोटं दोघंही बोलत नव्हते.

स्टॅनफर्डची गोष्ट इथेच संपत नाही. कपांचा ढीग असलेल्या याच विद्यापीठाने जुलै २०२० मध्ये ३६ पैकी ११ खेळ बंद करत असल्याचं जाहीर केलं. कुस्ती, तलवारबाजी, पुरुषांचं व्हॉलीबॉल असे कपाला गुण मिळवून देणारे खेळ. माजी खेळाडू आणि पालक पेटून उठले. निषेध झाले, निधी गोळा झाला, कोर्टात दावे दाखल झाले. मे २०२१ मध्ये विद्यापीठाला निर्णय मागे घ्यावा लागला. ‘चाहते’ म्हटलं की चेहऱ्याला रंग फासलेला फुटबॉलवेडा डोळ्यांसमोर येतो, पण इथे कुस्ती वाचवणारे लोकही चाहतेच होते. आणि बरोबर तेच होते.

पुरस्कारामुळे खुर्ची शाबूत राहते, असंही नाही. टॉम ज्युरिक यांनी १९९७ मध्ये लुईव्हिल विद्यापीठाची सूत्रं हाती घेतली तेव्हा ते दुसऱ्या फळीतलं नाव होतं. त्यांनी नवी मैदानं उभी केली, विद्यापीठाला एकेक पायरी वर चढवत देशातल्या बड्या कॉन्फरन्समध्ये नेलं. २००७ मध्ये स्पोर्ट्स बिझनेस जर्नलने त्यांना वर्षातले सर्वोत्तम एडी ठरवलं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांनी आदिदासशी १६ कोटी डॉलरचा करार जाहीर केला. पुढच्याच महिन्यात एफबीआयने बास्केटबॉल खेळाडूंना चोरून पैसे पुरवल्याचं प्रकरण उघड केलं, त्यात आदिदासशी संबंधित माणसं होती आणि लुईव्हिलचा उल्लेख होता. ज्युरिक यांच्यावर गुन्हा नव्हता, तरी ऑक्टोबरमध्ये त्यांना काढण्यात आलं. शहरातल्या अनेक चाहत्यांना हा अन्याय वाटला. पुढच्या वर्षी विद्यापीठाने त्यांच्याशी समझोता करून लाखो डॉलर मोजले.

दुसरी फूटपट्टी: चाहते

चाहत्याला ताळेबंद दिसत नाही. त्याला दिसतो प्रशिक्षक, तिकिटाचा दर आणि आपल्याशी कुणी कसं वागतं ते.

डेव्ह ब्रँडन यांचं उदाहरण घ्या. मिशिगनचेच माजी फुटबॉल खेळाडू, नंतर डॉमिनोज पिझ्झाचे सीईओ. २०१० मध्ये ते मिशिगनचे एडी झाले तेव्हा याहून चांगला माणूस शोधून सापडला नसता, असंच सगळ्यांना वाटत होतं. त्यांनी कमाई वाढवली, बांधकामं काढली. पण तिकिटं महागली, परंपरेच्या जागी जाहिरातबाजी आली असं लोकांना वाटायला लागलं. २०१४ मध्ये एका सामन्याची तिकिटं कोकच्या दोन बाटल्यांवर देण्याची योजना निघाली, तेव्हा शतकभराचा तोरा मिरवणाऱ्या चाहत्यांना ते फारच झोंबलं.

सप्टेंबर २०१४ मध्ये एका सामन्यात मिशिगनच्या क्वार्टरबॅकला जोरदार धडक बसली. तो पायावर नीट उभाही राहू शकत नव्हता, हे टीव्हीवर सगळ्यांनी पाहिलं. तरी त्याला पुन्हा मैदानात उतरवलं गेलं. त्याच्या मेंदूला सौम्य मार लागला असण्याची शक्यता मान्य करायला विभागाला दोन दिवस लागले, आणि ते निवेदनही मध्यरात्रीनंतर आलं. विद्यार्थी रस्त्यावर उतरले. मग चाहत्यांच्या तक्रारींना ब्रँडन यांच्याकडून गेलेली उत्तरं बाहेर आली. एकाला तर दुसरा संघ शोधा, असं सुनावलं होतं. ३१ ऑक्टोबरला त्यांनी राजीनामा दिला.

या प्रकरणात चाहत्यांनी कुठलाही पुरस्कार पकडू शकत नाही अशी गोष्ट पकडली. वर्षअखेरच्या मेजवानीत ताळेबंद मोजला जातो, मैदानावर लडखडणारा एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा मोजला जात नाही.

पण चाहत्यांचा कौल नेहमीच असा निघत नाही. पुन्हा टेनेसीकडे या.

शियानो यांच्याविरुद्ध आक्षेप असा होता: ते पूर्वी पेन स्टेट विद्यापीठात सहायक प्रशिक्षक होते आणि तिथल्या जेरी सँडस्की याच्या बाललैंगिक अत्याचार प्रकरणातल्या एका साक्षीत त्यांचं नाव ऐकीव माहितीवर आलं होतं. शियानो यांनी ते ठामपणे नाकारलं होतं आणि त्यांच्यावर कधीही कुठला गुन्हा दाखल झाला नाही. संतापलेल्यांपैकी काहींची काळजी खरी असेलच. पण शियानो यांच्या जागी तितकाच वादात आलेला आणि भरपूर सामने जिंकणारा प्रशिक्षक असता, तर तो खडक रंगवला गेला असता का, हा प्रश्न उरतोच.

पुढे काय झालं? करी यांच्या जागी फिलिप फुल्मर आले. १९९८ मध्ये टेनेसीला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक, चाहत्यांच्या गळ्यातले ताईत. त्यांनी जेरेमी प्रुइट यांना आणलं. प्रुइट यांच्या काळात संघ जिंकला कमी, हरला जास्त. जानेवारी २०२१ मध्ये खेळाडूंच्या भरतीत नियमभंग झाल्याच्या कारणावरून प्रुइट यांना काढलं, फुल्मरही पायउतार झाले. २०२३ मध्ये एनसीएए या नियामक संस्थेने १८ सर्वांत गंभीर दर्जाचे नियमभंग झाल्याचा निष्कर्ष काढला आणि विद्यापीठाला ८० लाख डॉलरहून जास्त दंड ठोठावला. शियानो २०१९ मध्ये रटगर्समध्ये परतले आणि त्या गाळात गेलेल्या संघाला त्यांनी बऱ्यापैकी उभं केलं. जॉन करी २०१९ पासून वेक फॉरेस्ट विद्यापीठाचे एडी आहेत.

म्हणजे चाहत्यांनी ज्याला घालवलं, त्याला धंद्याने दोन वर्षांत परत बोलावलं. हे अपवादाने होत नाही. टेक्सस ए अँड एम विद्यापीठाने २०२१ मध्ये फुटबॉल प्रशिक्षक जिंबो फिशर यांचा करार वाढवला, तेव्हा रॉस ब्योर्क एडी होते. संघ घसरला, नोव्हेंबर २०२३ मध्ये फिशर यांना काढावं लागलं आणि करार मोडण्याची किंमत निघाली सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर, म्हणजे सहाशे कोटी रुपयांच्या वर. कॉलेज खेळांत एवढी रक्कम तोवर कुणी मोजली नव्हती. चाहत्यांनी ब्योर्क यांची यथेच्छ टर उडवली. दोनच महिन्यांनी ओहायो स्टेटने त्यांना आपलं एडी म्हणून जाहीर केलं. आणि जानेवारी २०२५ मध्ये ओहायो स्टेट राष्ट्रीय विजेता ठरलं, जिथला प्रशिक्षक ब्योर्क यांच्या आधीपासूनच तिथे होता.

आणि तिसरा खेळाडू

फिशर यांना २०१७ मध्ये सुरुवातीचा १० वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार देणारे एडी होते स्कॉट वुडवर्ड. २०१९ मध्ये ते आपल्या गावी, लुईझियाना स्टेट विद्यापीठात, म्हणजे एलएसयूत गेले. तिथे त्यांनी महिला बास्केटबॉलसाठी किम मल्की यांना आणलं, संघ २०२३ मध्ये राष्ट्रीय विजेता. बेसबॉलसाठी जे जॉन्सन यांना आणलं, २०२३ आणि २०२५ अशी दोन विजेतेपदं. पुरस्काराच्या फूटपट्टीने एवढं एका कारकिर्दीला पुरून उरतं.

फुटबॉलसाठी त्यांनी ब्रायन केली यांना आणलं होतं, १० वर्षं, साडेनऊ कोटी डॉलर. २६ ऑक्टोबर २०२५ ला केली यांना काढलं गेलं आणि सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलरचा हिशेब पुढ्यात आला. आता मैदानात उतरले राज्याचे गव्हर्नर जेफ लँड्री. असले करार आणि त्यांचा बोजा जनतेवर, असा मुद्दा घेऊन त्यांनी पत्रकारांसमोर सांगितलं की पुढचा प्रशिक्षक वुडवर्ड निवडणार नाहीत. त्यांच्यापेक्षा डोनाल्ड ट्रम्प यांना निवडू देईन. दुसऱ्याच दिवशी, ३० ऑक्टोबरला, वुडवर्ड विद्यापीठातून बाहेर पडले.

महिन्याभराने एलएसयूने नवे फुटबॉल प्रशिक्षक म्हणून लेन किफिन यांना आणलं. सात वर्षांचा करार, वर्षाला १ कोटी ३० लाख डॉलरच्या घरात. केली यांच्यापेक्षा जास्त.