ग्लुकोज-विघटन, कर्ककोशिकांतील

ग्लुकोज-विघटन, कर्ककोशिकांतील : पुरेसा ऑक्सिजन उपलब्ध असतानाही अनेक कर्ककोशिका (कर्करोगाच्या पेशी) मोठ्या प्रमाणात ग्लुकोज घेऊन त्याचे लॅक्टिक अम्लात रूपांतर करतात. जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ ओटो वॉरबुर्ख यांनी १९२०–३० या दशकात हा विशेष दाखवून दिला. म्हणून त्यास ‘वॉरबुर्ख परिणाम’ असेही म्हणतात.

निरोगी कोशिकेत ग्लुकोजातील ऊर्जा टप्प्याटप्प्याने मोकळी होते. प्रथम कोशिकाद्रव्यात दहा एंझाइमी विक्रियांनी ग्लुकोजापासून पायरूव्हिक अम्लाचे दोन रेणू बनतात व अ‍ॅडिनोसीन ट्रायफॉस्फेट (एटीपी) या ऊर्जावाहक संयुगाचे निव्वळ दोन रेणू मिळतात. नंतर कलकणांत पायरूव्हिक अम्लाचे ऑक्सिडीकरण होऊन कार्बन डाय-ऑक्साइड व पाणी तयार होतात. दोन्ही टप्पे मिळून ग्लुकोजाच्या एका रेणूपासून सु. ३० ते ३२ एटीपी रेणू लाभतात. कठोर व्यायामात ऑक्सिजन अपुरा पडल्यास स्नायूंतही लॅक्टिक अम्ल बनते; परंतु ते तात्पुरते असते.

कर्ककोशिकांतील कलकण निकामी होत असावेत, असे वॉरबुर्ख यांचे मत होते. पुढील संशोधनात बहुतेक कर्ककोशिकांत ते कार्यक्षम आढळले. ग्लुकोज-विघटनाची गती जलद असते आणि त्यातील मधल्या संयुगांपासून न्यूक्लिइक अम्ले, मेद व प्रथिने यांचे घटक मिळतात. वेगाने विभागणाऱ्या कोशिकेस ऊर्जेइतकीच या बांधणी-सामग्रीची गरज असते.

या विशेषाचा उपयोग निदानात होतो. किरणोत्सर्गी फ्ल्युओरीन (अर्धायुष्य सु. ११० मिनिटे) जोडलेले ग्लुकोजसदृश संयुग शिरेतून दिल्यास ते कोशिकेत शिरते, पण त्याचे पुढे विघटन होत नसल्याने तेथेच साचते व पॉझिट्रॉन उत्सर्जन छायाचित्रणात (पेट) दिसते. भारतात हे तंत्र २००२ मध्ये परळ येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या प्रारण वैद्यक केंद्रात सुरू झाले. मेंदू आणि क्षयासारख्या रोगांतील दाहयुक्त ऊतकेही हे संयुग शोषतात. म्हणून केवळ चित्रावरून निदान निश्चित न करता ऊतक-परीक्षा करावी लागते.

नवी मुंबईतील खारघर येथे टाटा स्मारक केंद्राचे कर्करोग उपचार, संशोधन व शिक्षण प्रगत केंद्र असून तेथे कोशिकांवरील मूलभूत संशोधन व रुग्णोपचार एकाच आवारात चालतात. १९५२ मध्ये स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था २००२ मध्ये परळहून येथे आली.

साखर वर्ज्य केल्याने कर्करोगाची उपासमार होते, हा समज चुकीचा आहे. आहारात साखर नसली तरी यकृत इतर पदार्थांपासून ग्लुकोज बनवून रक्तातील त्याची पातळी टिकवून धरते. उलट अति पथ्याने रुग्णाचे वजन घटून त्याची उपचार सोसण्याची शक्ती कमी होते.