बायपोलरचा रुग्ण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतो, तेव्हा मदत कशी मिळवायची?

घरातला माणूस तीन रात्री झोपलेला नाही, तरी थकलेला दिसत नाही. भराभर बोलतो, नवा धंदा काढायचा म्हणून पैसे उधळतो, कुणी अडवलं की अंगावर धावून येतो. डॉक्टरांकडे चल म्हटलं तर उत्तर ठरलेलं: ‘मला काय झालंय? इतकं बरं कधीच वाटलं नव्हतं.’ बायपोलर डिसऑर्डरमधल्या उन्मादाचं हे नेहमीचं रूप. त्याला खरोखरच बरं वाटत असतं, आणि घरच्यांची कोंडी तिथेच होते.

अशा वेळी वाद घालून उपयोग नसतो. ‘तुझं डोकं फिरलंय’ म्हणण्यापेक्षा ‘झोप नाही, त्यासाठी डॉक्टरांना भेटू’ हे अनेकदा पटतं. बोलायला एकच माणूस असावा, तोही शांत आवाजात. गाडीच्या किल्ल्या आणि एटीएम कार्ड शक्य तर बाजूला ठेवावं. पहिला फोन नेहमीच्या मानसोपचारतज्ज्ञांना. जुन्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करू नयेत. लिथियमचं रक्तातलं प्रमाण वाढलं तर विषबाधा होते.

डॉक्टर ठरलेले नसतील तर केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन आहे: १४४१६. ती चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं, घरच्यांनी फोन केला तरी चालतो. सरकारी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत आहेत, गोव्यात बांबोळीला. पण विष किंवा गोळ्या घेतल्या असतील, हातात शस्त्र असेल, तर हेल्पलाइनवर वेळ घालवू नये. १०८ किंवा ११२ लावावा आणि जवळचं कोणतंही रुग्णालय गाठावं.

आत्महत्येच्या प्रयत्नात अनेक घरं इथेच कचरतात, कारण पोलीस केसची भीती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरलं जातं. तिच्यावर त्यासाठी खटला चालवून शिक्षा करता येत नाही. मानसिक आजारामुळे धोक्यात असलेल्या माणसाला पोलिसांनी ताब्यात घेतलं, तरी कोठडीत ठेवता येत नाही, दवाखान्यात न्यावं लागतं.

रुग्ण नाही म्हणत असेल तर? जिवाला किंवा इतरांना गंभीर धोका असल्यास कोणताही नोंदणीकृत डॉक्टर जास्तीत जास्त ७२ तास तातडीचे उपचार करू शकतो. तो मानसोपचारतज्ज्ञच हवा असं नाही. रुग्णाचा ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ उपलब्ध असेल तर त्याची संमती लागते. पुढे संमतीविना दाखल करायचं झालं तर अर्ज या प्रतिनिधीनेच करायचा असतो, आणि दोन तज्ज्ञांनी रुग्णाला वेगवेगळं तपासावं लागतं.

हा प्रतिनिधी रुग्णाला बरा असतानाच निवडता येतो. बायको, भाऊ, मित्र, कुणीही सज्ञान माणूस चालतो, त्याची तयारी मात्र हवी. त्यासाठी साधा कागद आणि रुग्णाची सही किंवा अंगठा पुरतो.