टास्मानियाची उलटी प्रदक्षिणा

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय टोकापासून सुमारे २४० किलोमीटर दक्षिणेला, बासच्या सामुद्रधुनीपलीकडे असलेले टास्मानिया हे बेट महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्श्याहूनही लहान, म्हणजे साधारण ६८ हजार चौरस किलोमीटरचे आहे आणि तिथली वस्ती पावणेसहा लाखांच्या आसपास, म्हणजे एकट्या कोल्हापूर शहराएवढी आहे. एवढ्या माणसांच्या या राज्यातील सुमारे चाळीस टक्के जमीन राष्ट्रीय उद्याने आणि इतर राखीव क्षेत्रांत मोडते. नकाशावर अर्ध्या दिवसात ओलांडून होईल असे वाटणारे हे बेट प्रत्यक्षात प्रवाशाचा बराच वेळ घेते, कारण रस्ते डोंगरांना वळसे घालत जातात आणि नैर्ऋत्येकडच्या मोठ्या भागात तर रस्ताच नाही. दिवाळीच्या सुमारास तिथे वसंत ऋतू असतो. डिसेंबर ते फेब्रुवारी हा तिथला उन्हाळा, आणि त्या काळातही क्रेडल माउंटनच्या परिसरात बर्फ पडू शकतो.

हे बेट पाहण्याची एक रूढ पद्धत म्हणजे दहा-पंधरा जणांची, पाच ते सात दिवसांची, मिनीबसमधून होणारी सहल. या सहलीत गाडी चालवणारा माणूस बहुधा वाटाड्याही असतो, आणि अनेकदा झाडापक्ष्यांची नावे सांगणारा, दुपारच्या जेवणाची पेटी उघडणारा आणि उतारूंच्या बुटांकडे लक्ष ठेवणाराही तोच असतो. अशी सहल मोठ्या बसच्या सहलीपेक्षा महाग पडते, हे आधीच सांगितलेले बरे. तरीही पन्नास आसनांची बस खडीच्या आडरस्त्यावर शिरत नाही आणि पन्नास माणसे एका झऱ्याकाठी गुपचूप उभी राहत नाहीत. टास्मानियात पाहण्यासारखे जे आहे त्यातील निम्मे तर गुपचूप उभे राहिल्याशिवाय दिसतच नाही. राष्ट्रीय उद्यानांत व्यावसायिक सहली नेण्यासाठी परवाना लागतो, त्यामुळे चांगला वाटाड्या हा नियमांनी बांधलेला माणूस असतो.

अनेक सहली होबार्ट या राजधानीतून निघून पूर्व किनाऱ्याने उत्तरेकडे, तिथून पश्चिमेकडे आणि मग दक्षिणेला उतरून पुन्हा होबार्टला येतात, म्हणजे बेटाला उजव्या हाताला ठेवण्याऐवजी डाव्या हाताला ठेवून उलटी प्रदक्षिणा घालतात. १८०४ साली वसलेल्या होबार्टच्या पाठीशी १,२७१ मीटर उंचीचा कुनानी हा डोंगर आहे, त्याचेच दुसरे नाव माउंट वेलिंग्टन. त्याच्या माथ्याखाली उभ्या खांबांसारखा जो कडा दिसतो, तो डोलेराइट या खडकाचा आहे. सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वी, गोंडवन या महाखंडाला तडे जाऊ लागले त्या काळात, शिलारस जमिनीखालच्या थरांमध्ये घुसून तिथेच सावकाश थिजला आणि थिजताना आकसून त्याला उभ्या भेगा पडल्या, त्यातून हे खांब झाले. सह्याद्रीचा बेसॉल्ट त्याच जातकुळीचा. मात्र तो बराच नंतर, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, जमिनीवर वाहत येऊन थिजला. मुंबईत अंधेरीची गिल्बर्ट हिल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना टास्मानियातले हे खांब ओळखीचे वाटतील, फक्त तिथे ते झोपड्या-इमारतींच्या मधून डोके काढण्याऐवजी थेट समुद्रातून वर येतात आणि टास्मान द्वीपकल्पावर त्यांची उंची तीनशे मीटरच्या घरात जाते.

याच द्वीपकल्पावर पोर्ट आर्थर आहे. १८३० मध्ये लाकूडतोडीचे ठाणे म्हणून सुरू झालेली ही वसाहत पुढे ब्रिटिश साम्राज्यातील एक कुप्रसिद्ध तुरुंग झाली आणि १८७७ साली बंद पडली. १८५३ पर्यंतच्या पन्नास वर्षांत सत्तर हजारांहून अधिक कैदी या बेटावर आणले गेले होते. द्वीपकल्पाला बेटाशी जोडणाऱ्या ईगलहॉक नेक या चिंचोळ्या पट्टीवर साखळदंडाने बांधलेल्या कुत्र्यांची रांग उभी केलेली असे, म्हणजे पळून जाणाऱ्याला समुद्र किंवा कुत्रे यांतूनच निवड करावी लागे. एप्रिल १९९६ मध्ये याच ठिकाणी एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांचा जीव घेतला आणि त्यानंतर ऑस्ट्रेलियाने बंदुकांचे कायदे कडक केले. समंजस वाटाडे ही माहिती गाडीतच थोडक्यात देतात आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना त्याबद्दल प्रश्न विचारू नयेत, असे सुचवून ठेवतात.

पूर्व किनाऱ्यावरचे फ्रेसिने राष्ट्रीय उद्यान, तिथला गुलाबी ग्रॅनाइट आणि वाइनग्लास बे या उपसागराची चंद्रकोर यांची छायाचित्रे इतकी फिरली आहेत की त्यांविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. चढ मध्यम आहे आणि सकाळी लवकर गेल्यास गर्दी टळते. त्याच्या उत्तरेला बे ऑफ फायर्स म्हणजे अग्नींचा उपसागर आहे. पांढरी वाळू आणि तिच्यावर शेंदरी रंगाचे गोल धोंडे, असे तिथले दृश्य असते. शेंदरासारखा दिसणारा तो थर दगडफुलाचा, म्हणजे बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून झालेल्या सजीवाचा असतो. नाव त्या रंगावरून पडले, असा प्रवाशांचा समज होतो. खरे पाहता १७७३ साली टोबियास फर्नो हा इंग्रज दर्यावर्दी या किनाऱ्याने जात असता त्याला जमिनीवर ठिकठिकाणी आगी दिसल्या आणि त्याने हे नाव दिले. त्या आगी पेटवणारी माणसे या बेटावर किमान ४० हजार वर्षांपासून राहत होती. हिमयुग ओसरून समुद्र चढला आणि दहा-बारा हजार वर्षांपूर्वी बेट खंडापासून तुटले, तेव्हापासून ती बाहेरच्या जगापासून अलग होती.

त्या लोकांचे पुढे काय झाले, हे वाटाड्याने सांगितले नाही तर ती सहल अपुरीच म्हणावी लागेल. १८२०च्या दशकात मेंढपाळीसाठी जमिनी बळकावणाऱ्या वसाहतवाल्यांशी त्यांचा संघर्ष पेटला. १८३० मध्ये सैनिक, वसाहतवाले आणि कैदी मिळून दोन हजारांहून अधिक माणसांची साखळी करून मूळ रहिवाशांना हाकून काढण्याचा प्रयत्न झाला आणि त्यात हाती जवळजवळ कोणीच लागले नाही. त्यानंतर उरलेल्यांना समजावून आणि फसवून फ्लिंडर्स बेटावरच्या वायबलेना या वस्तीत नेण्यात आले, तिथे रोगराईने बहुतेक मेले आणि १८४७ साली परत आणले तेव्हा पन्नासही उरले नव्हते. १८७६ मध्ये वारलेल्या ट्रुगानिनी या स्त्रीला पुस्तकांनी दीर्घकाळ ‘शेवटची टास्मानियन’ म्हटले आणि तिचा सांगाडा संग्रहालयात मांडून ठेवण्यात आला. शेवटची ती नव्हतीच, कारण सामुद्रधुनीतल्या बेटांवर सील मारणाऱ्या गोऱ्या शिकाऱ्यांनी ज्या स्थानिक स्त्रियांना नेले होते, त्यांचे वंशज आजही आहेत. ते स्वतःला पालावा म्हणवतात, जुन्या नोंदींतून पालावा कानी ही भाषा पुन्हा जुळवत आहेत आणि त्या भाषेत बेटाचे नाव लुत्रुविटा आहे.

त्याच बेटांशी हिंदुस्थानचाही एक धागा जुळतो. कलकत्त्याहून माल भरून सिडनीला निघालेले ‘सिडनी कोव्ह’ हे जहाज १७९७ साली तिथल्या प्रिझर्व्हेशन बेटाजवळ रुतून फुटले. त्यावर मोठ्या संख्येने लस्कर, म्हणजे हिंदुस्थानी खलाशी होते. मदत आणण्यासाठी सतरा जण होडीने निघाले, ती होडीही खंडाच्या किनाऱ्यावर फुटली आणि पुढची शेकडो किलोमीटरची वाट पायी तुडवून सिडनीजवळ पोहोचले ते फक्त तिघे. जहाजावरच्या वाचलेल्यांनी सांगितलेल्या प्रवाहांच्या आणि लाटांच्या वर्णनाने मधे सामुद्रधुनी असावी ही शंका बळावली आणि १७९८-९९ मध्ये जॉर्ज बास व मॅथ्यू फ्लिंडर्स यांनी बेटाला समुद्रमार्गे वळसा घालून ती खरी ठरवली. टास्मानिया हे बेट आहे, हे युरोपियनांना अशा रीतीने कळले. १६४२ मध्ये ते पाहणाऱ्या आबेल टास्मान या डच कप्तानालाही त्याचा पत्ता लागला नव्हता.

लॉन्सेस्टन शहर मागे टाकून गाडी चढाला लागते आणि क्रेडल माउंटनच्या उद्यानाशी येते, तेव्हा पायवाटेच्या तोंडाशी बूट धुण्याची सोय दिसते. ब्रशाने तळवे घासून, त्यांतली माती काढून मगच पुढे जायचे असते, कारण फायटॉप्थोरा नावाचा मुळे कुजवणारा सूक्ष्मजीव चिखलातून पसरतो आणि इथली झुडपे त्यापुढे टिकत नाहीत. मराठी माणसाला उंबऱ्याबाहेर चपला काढण्याची सवय असतेच, पण रानात शिरताना चपलाच धुवायच्या, हे त्यालाही नवे वाटावे. डव्ह सरोवराकडे जाण्यासाठी उद्यानाची बस घ्यावी लागते. सरोवराभोवतीची सहा किलोमीटरची वाट सोपी आहे, आणि हवामान साथ देईल तर १,५४५ मीटर उंचीच्या क्रेडलची दातेरी कड पाण्यात उलटी उमटलेली दिसते. एप्रिलअखेर येणाऱ्यांना फॅगस नावाच्या बुटक्या झाडाची पिवळी-तांबडी पाने पाहायला मिळतात. हिवाळ्यात पानगळ होणारे हे ऑस्ट्रेलियाचे एकमेव मूळचे झाड असून त्याची भावंडे दक्षिण अमेरिकेत आहेत, आणि त्याचेही कारण पुन्हा गोंडवनच. हे रान राखावे असा ध्यास गुस्ताव्ह वाइनडॉर्फर या ऑस्ट्रियन माणसाने घेतला. १९१२च्या सुमारास त्याने इथे किंग बिली पाइनच्या लाकडाने वाल्डहाइम, म्हणजे ‘अरण्यगृह’, बांधले. आज उभे आहे ते त्याच धर्तीवर पुन्हा बांधलेले घर.

संध्याकाळी रॉनी क्रीक या ओढ्याकाठच्या गवतात वॉम्बॅट चरायला निघतात. वॉम्बॅट हा शिशुधान प्राणी, म्हणजे पिल्लाला पोटावरच्या पिशवीत वाढवणारा. डुकराच्या पाठीमागे उशी बांधावी अशी त्याची अंगलट. त्याच्या पिशवीचे तोंड मागच्या बाजूला असते, कारण पुढच्या पायांनी बीळ उकरताना माती पिशवीत जाऊ नये. त्याची लेंडी चौकोनी असते: आतड्याच्या शेवटच्या भागाची भिंत सगळीकडे सारखी ताणली जात नाही, म्हणून तिला कडा येतात. दगडावर, ओंडक्यावर ठेवलेले ते ठोकळे घरंगळत नाहीत आणि दुसऱ्या वॉम्बॅटला हद्द कळते. बारा जण लाकडी पाटवाटेवर न बोलता उभे राहिले, तर वॉम्बॅट हाताच्या अंतरावर येऊन गवत कुरतडत राहतो, इतका की दातांचा आवाज ऐकू यावा. हात पुढे करायचा नसतो.

टास्मानियन डेव्हिल हा काळा, लहान कुत्र्याएवढ्या चणीचा, मेलेले जनावर हाडांसकट फस्त करणारा प्राणी मोकळ्या रानात सहसा दिसत नाही. सहली त्याला संवर्धन केंद्रात दाखवतात. १९९६ मध्ये त्यांच्या तोंडावर गाठी दिसू लागल्या. हा एकमेकांना चावण्यातून पसरणारा कर्करोग निघाला, आणि काही भागांतील डेव्हिलची संख्या ऐंशी टक्क्यांहून अधिक घटली. रोगमुक्त जनावरांचा साठा असावा म्हणून २०१२ पासून काही डेव्हिल पूर्वेकडच्या मराया बेटावर सोडण्यात आले, तिथे ते छान रुजले आणि त्या बेटावरची छोट्या पेंग्विनांची वसाहत मात्र संपली. संवर्धन म्हणजे केवळ वाचवणे नव्हे, कोणाला वाचवायचे ते ठरवणेही असते, हे इतक्या उघडपणे क्वचितच दिसते.

पश्चिम किनाऱ्याची तऱ्हा निराळी आहे. दक्षिण गोलार्धात ४० अंशांपलीकडे अडथळ्यावाचून वाहणारे पश्चिमी वारे थेट या डोंगरांवर आदळतात, त्यामुळे क्वीन्सटाउनला वर्षाला २,४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पर्जन्यछायेतल्या होबार्टला त्याच्या चौथ्या हिश्श्याएवढा. महाबळेश्वर आणि वाई यांचेच हे नाते. क्वीन्सटाउनभोवतीचे डोंगर तांब्याच्या भट्ट्यांनी उघडे पाडले. झाडे सरपणाला गेली, गंधकाच्या धुराने उरलेली हिरवळ जळाली आणि पावसाने माती धुऊन नेली. गावाचे फुटबॉलचे मैदान गवताऐवजी खडीचे आहे आणि गावाला त्याचा अभिमान आहे. तिथून स्ट्रॅहनला, ज्याचा उच्चार तिथले लोक ‘स्ट्रॉन’ असा करतात, पोहोचल्यावर बोटीने गॉर्डन नदीत शिरता येते. झाडपाल्यातल्या टॅनिनमुळे तिचे पाणी कोऱ्या चहासारखे तपकिरी असते आणि वारा पडला की आरशासारखे होते. काठावरचा ह्यूऑन पाइन वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर जाड होतो आणि दोन हजारांहून अधिक वर्षे जगतो. त्याच्या लाकडातले तेल त्याला कुजू देत नाही, म्हणून जुन्या होड्यांसाठी त्याला मागणी होती. आता उभे झाड तोडण्यास बंदी आहे आणि नदीतून, जुन्या तोडीतून मिळालेल्या ओंडक्यांवरच कारागिरांचे काम चालते. त्याचा किसलेला ताजा काप चुरगळून नाकाशी धरला की गोडसर, मसालेदार वास येतो, लवंगेच्या जवळचा.

हे पाणी वाहते राहिले यामागे एक लढा आहे. १९७२ मध्ये राज्याच्या वीज आयोगाने पेडर हे गुलाबी वाळूचे सरोवर धरणाखाली बुडवले, आणि त्याच्या विरोधात जगातला पहिला मानला जाणारा हरित पक्ष इथे स्थापन झाला. पुढे फ्रँकलिन नदी गॉर्डनला मिळते त्याच्या खालच्या बाजूला धरण बांधण्याचा घाट घातला गेला, तेव्हा डिसेंबर १९८२ मध्ये माणसे रबरी होड्या घेऊन यंत्रांच्या वाटेत उभी राहिली. नर्मदेच्या आंदोलनाआधीची ही गोष्ट. बाराशेहून अधिक जणांना अटक झाली. त्यांचे पुढारी बॉब ब्राउन हे पेशाने डॉक्टर. तुरुंगातून सुटल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते राज्याच्या विधिमंडळाचे सदस्य झाले. पीटर डोंब्रोव्हस्किस यांनी टिपलेले, धुक्यात वळण घेणाऱ्या फ्रँकलिनचे छायाचित्र वृत्तपत्रांत पानभर छापले गेले आणि मार्च १९८३च्या निवडणुकीत केंद्रातले सरकार बदलले. धरणाचा वाद न्यायालयात गेला आणि १ जुलै १९८३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला, आणि तो एका न्यायमूर्तीच्या मताने नदीच्या बाजूने गेला. बोटीवरच्या प्रवाशाला जे आदिम, अस्पर्श अरण्य म्हणून दाखवले जाते, ते असे न्यायालयात मोजून राखलेले आहे.

परतीचा दिवस सेंट क्लेअर सरोवर आणि माउंट फील्डच्या उंच निलगिरींमधून होबार्टकडे जातो. अंधार पडण्याआत पोहोचण्याची घाई वाटाड्याला असते, कारण संध्याकाळी वॉलबी, वॉम्बॅट, पॅडमेलन असे प्राणी रस्त्यावर येतात आणि गाड्यांखाली मरतात. कडेला असा एखादा देह पडलेला दिसला तर गाडी थांबते. वाटाड्या हातमोजे चढवून खाली उतरतो, मादी असेल तर तिच्या पिशवीत बोटे घालून पाहतो, कारण आई मेली तरी आतले पिल्लू जिवंत असू शकते. देह ओढून रस्त्यापासून दूर गवतात टाकतो, म्हणजे तो खायला येणारा डेव्हिल पुढच्या गाडीखाली सापडणार नाही. मग तो हात पुसून पुन्हा चाकामागे बसतो.