प्रवासी स्त्रिया आणि मूत्रवेगधारण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातव्या अध्यायात मूत्रवेग हा अधारणीय सांगितला आहे. तो रोखल्यास बस्तिशूल, मूत्रकृच्छ्र व शिरःशूल उद्भवतात. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे ६० किलोमीटर. लोकलच्या डब्यात शौचालय नसते. म्हणून वसई-विरारहून नोकरीस जाणाऱ्या अनेक स्त्रिया सकाळपासून पाणीच पीत नाहीत. तृष्णा हाही अधारणीय वेगच. एक टाळण्यासाठी दुसरा रोखला जातो. २०११ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘राइट टू पी’ मोहिमेने स्त्रियांसाठी मोफत, स्वच्छ मुताऱ्यांची मागणी केली, ती याच अडचणीतून.

रुग्णेस सांगावे : घरातून निघताना व कार्यालयात पोहोचताच मूत्रविसर्जन करावे, वेग नसता कुंथू नये. पाणी बंद न करता दिवसभर थोडे थोडे प्यावे. प्रवासापूर्वी चहा टाळावा. परतीच्या गाडीपूर्वी कार्यालयातच जाऊन यावे. दाह, ज्वर, कटिशूल वा सरक्त मूत्र असल्यास मूत्रतपासणी त्वरित करावी. गर्भिणीच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी.

अवगाह, अभ्यंग, घृतपान, बस्ति ही चिकित्सा शास्त्रोक्तच. परंतु निदानपरिवर्जनाविना ती अपुरी. संकोचामुळे रुग्णा हे आपणहून सांगत नाही. म्हणून प्रवासाचे तास व पाण्याचे प्रमाण वैद्यानेच विचारावे.